तालमी रात्री नऊलाच का? (राज्य नाट्य आणि तीन वर्षांची लेक)

कृष्णाकाठची | १८ सप्टेंबर, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. लेक आत्ताच झोपलीय, त्यामुळं लिहिता लिहिता मध्येच गायब झाले तर समजून घ्या.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. कॉलेजपासून नाटक करतेय. आधी कामं केली, मग लिहायला लागले, मग दोन एकांकिका बसवल्या. लेक आता तीन वर्षं दोन महिन्यांची आहे आणि तेवढीच वर्षं मी स्टेजपासून लांब आहे. खरं तर त्याच्याही आधीपासून. पाचवा महिना लागला होता तेव्हा एका ग्रुपनं (हल्लीचा नव्हे) माझं काम दुसरीला दिलं. मला कुणी सांगितलंच नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर आलं त्यावरून कळलं. विचारलं तर म्हणाले, "अगं, तुझ्या काळजीपोटीच."

तर आता. आमच्या जुन्या ग्रुपनं यंदा राज्य नाट्य स्पर्धेला माझी संहिता घ्यायची ठरवलंय आणि बसवायचीही मीच. ही संहिता लेक पोटात असताना सुरू केली होती, ती मागच्या महिन्यात संपली. दोन अंकांना जवळजवळ चार वर्षं! पहिला अंक पुन्हा वाचायला घेतला तर त्यातली आई मला ओळखूच येईना, कारण ती मी आई व्हायच्या आधी लिहिली होती. भलतीच समजूतदार बाई होती ती. सगळी खोडून पुन्हा लिहिली.

अडचण तालमींची आहे. १ ऑक्टोबरपासून रोज रात्री नऊ ते बारा, प्रयोगापर्यंत. एका शाळेचा हॉल मिळतो. आमच्याकडं हा शिरस्ताच आहे, सगळे नोकरी-धंदावाले. नवरा बँकेत, घरी येईपर्यंत आठ-साडेआठ होतात. तो लेकीला जेवू घालतो, खेळवतो, पण झोपायला तिला मीच लागते. सासूबाई आमच्याकडंच असतात, त्यांचे गुडघे धड नाहीत. पाळणाघर सातला बंद होतं. लेकीला तालमीला घेऊन जावं का, असाही विचार केला.

रविवारी ग्रुपला उत्तर द्यायचंय. हो म्हणू का? कुणी असं निभावलं असेल तर खरंखुरं सांगा. "तू करू शकतेस गं" एवढं नको, ते मैत्रिणींनी सांगून झालंय.

भडंगप्रेमी | १८ सप्टेंबर, रात्री ११.५८

तू करू शकतेस गं.

(गंमत हां ताई. उद्या सविस्तर लिहितो.)

डॉ_खोकला | १९ सप्टेंबर, सकाळी ७.१०

लहान मुलांचा डॉक्टर आहे म्हणून फक्त तालमीला नेण्याबद्दल बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. रात्री बाराला हॉलमधून निघालात तर घरी अंथरुणात पडेपर्यंत साडेबारा. सकाळी शाळेची व्हॅन साडेआठला. हिशोब तुम्हीच करा. रंगीत तालमीला एखाद्या दिवशी आणा, मजा येईल तिला. रोज नको. आणि शाळेच्या हॉलमधले डास हा वेगळाच विषय आहे.

सरळ_बोलतो | १९ सप्टेंबर, सकाळी ९.३२

राग मानू नका, पण मुलाचं वय तीन ते सहा परत येत नाही. नाटक कुठं पळून चाललंय? पोरगी दहावीला गेली की करा हवी तेवढी नाटकं. आमच्या पिढीत हौसमौज मुलं मोठी झाल्यावर असायची.

मीनल_व | १९ सप्टेंबर, सकाळी ९.५०

काका, तुमच्या पिढीत हौसमौज कुणाची बंद असायची तेवढंही सांगा. माझे वडील दर शनिवारी भजनाला, गणपतीत मेळ्याला, दिवाळीत किल्ल्याच्या स्पर्धेचे परीक्षक. आम्ही तिघी बहिणी तेव्हा लहानच होतो.

आणि दहावीला गेल्यावर "आता दहावीचं वर्ष आहे" असं ऐकावं लागतं ते वेगळंच.

एरंडेल | १९ सप्टेंबर, सकाळी १०.१५

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा सीतासुद्धा पुरुषच होती. त्यामुळं "सीता तालमीला गेली तर बाळाला कोण बघणार" हा प्रश्न मराठी रंगभूमीच्या पायाभरणीतच आला नाही. पुढं बायका स्टेजवर आल्या, वेळापत्रक मात्र तेच राहिलं. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, नटराजाची पूजा करताना हे कुणी बोलत नाही एवढंच.

पडद्यामागचा | १९ सप्टेंबर, दुपारी १.२०

ताई, मी पंचवीसेक वर्षं प्रकाशयोजना करतोय. सांगली, मिरज, इचलकरंजी, जिथं बोलावतील तिथं. अभिनय येत नाही, त्यामुळं तालमीत माझं काम काय, तर कोपऱ्यात बसून बघणं. सगळ्यांचं सगळं दिसतं.

तुमचा प्रश्न "मी हो म्हणू का" असा आहे. मला वाटतं तो ग्रुपला उलटा टाकावा. रात्री नऊ ते बारा हे कुणी ठरवलं? मी सांगतो. आमच्या काळात ग्रुपमध्ये एक बँकेतले, दोन वीज मंडळातले, एक विमा कार्यालयातले आणि एक पेठेतले दुकानदार. दुकानदारांचं शटर साडेआठला पडायचं. ते जेवून यायचे, म्हणून नऊ. आणि त्या पाचही जणांच्या घरी मुलांना झोपवणारं माणूस होतं. हा त्या पाच जणांचा सोयीचा टाइम होता. ते पाचही आता नाटक करत नाहीत, दोघे तर हयातही नाहीत. टाइम तोच.

दुसरं, तीन तासांत काम किती होतं? मी गंमत म्हणून एका नाटकाला महिनाभर डायरीत टिपून ठेवलं होतं. नऊचे साडेनऊ होणारच. मग काल कुणाचा फोन आला, परवा कुठला प्रयोग पाहिला. दहाला चहा. एक जण शिफ्टवरून आलेला नसतो म्हणून त्याचा प्रवेश अडलेला. ज्यांचा प्रवेश नाही ते चार जण मोबाइलवर. तीन तासांच्या तालमीत भरीव काम दीड तासाच्या वर एकदाही गेलं नाही. शेवटच्या आठवड्यातलं सोडा, तेव्हा सगळेच अंगात आल्यासारखे करतात.

तेव्हा प्रवेशवार तालीम लावा. आज दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश, फक्त तिघं येणार, पाऊण तासात मोकळे. पाठांतर घरून करून यायचं, संहिता हातात घेऊन हालचाली करायच्या नाहीत. वाचनं रविवारी सकाळी. सगळ्यांनी एकत्र यायचं ते शेवटचे पंधरा दिवस.

आणि एक. नाटकाच्या खर्चात नेपथ्याचा टेम्पो असतो, कपडेपट असतो, वडापाव-चहाचं बिल तर विचारू नका. मुलं सांभाळायला एखादी कॉलेजची मुलगी लावली तर तो खर्च नाटकाच्या हिशोबात का नको? माझ्या स्पॉटलाइटच्या एका दिवसाच्या भाड्यात तिचे आठ दिवस निघतील.

मीनल_व | १९ सप्टेंबर, दुपारी १.४४

पडद्यामागचा यांना दंडवत. वाचनखूण साठवली.

अस्सल_कवलापूर | १९ सप्टेंबर, दुपारी ४.०५

लई भारी बोललासा दादा.

स्वरांगी | १९ सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०

कृष्णाकाठची, जिथं इच्छा तिथं मार्ग. विठाबाई नारायणगावकर आठवा. तमाशा चालू असताना आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. आपल्याला तर सगळ्या सोयी आहेत. त्यांच्यापुढं आपल्या अडचणी किती लहान!

अस्सल_कवलापूर | १९ सप्टेंबर, रात्री ८.५५

स्वरांगीताई, वाईट वाटून घेऊ नका, पण ह्या गोष्टीवर मला बोलायचंच हाय.

मी तमाशातल्या काळू-बाळूंच्या गावचा. आमच्या गावात तमाशा म्हणजे घरचं कार्य. लहानपणापास्नं फड बघितलेत, राहुट्या बघितल्यात, मागच्या बाजूला साडीच्या झोळीत पोरं झोपवलेली बघितलीत. ढोलकीच्या आवाजात झोपायची ती पोरं, आवाज थांबला की उठायची. विठाबाईंची गोष्ट मी पण शंभरदा ऐकलीय. दरवेळी लोकं टाळ्या वाजवतात.

टाळ्या कशाला? एका बाईला बाळंतपणाला एक रात्रसुद्धा सुट्टी मिळाली नाही. बाहेर पब्लिक शिट्ट्या मारत होतं. ही बाईच्या जिद्दीची गोष्ट हाय तशीच पब्लिकच्या लाजेची पण हाय. आन् एवढं करून म्हातारपण कसं गेलं त्यांचं? हलाखीत. राष्ट्रपतींच्या हातचा सन्मान मिळालेल्या बाईचं.

तवा कुठल्या बाईला "विठाबाई आठव" म्हणायच्या आधी इचार करावा. त्यांना कुणी इचारलं नव्हतं, तुला काय लागतंय म्हणून. ह्या ताईला इचारूया की.

स्वरांगी | १९ सप्टेंबर, रात्री ९.२०

मान्य. मी या बाजूनं विचारच केला नव्हता.

कृष्णाकाठची | १९ सप्टेंबर, रात्री ११.१५

सगळ्यांचे आभार. पडद्यामागचा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "बँकेत हे आधीच व्हायला पाहिजे, आमच्या मीटिंगांचंही असंच आहे."

सरळ_बोलतो काका, तीन ते सहा परत येत नाही हे खरंच आहे. मला ते रोज टोचतं. पण चौतीस ते सदतीसही परत येत नाही हो.

वाळव्याच्या_बाई | २० सप्टेंबर, सकाळी ६.१५

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आणि जमेल तशी कविता करणारी. रजेबद्दल लिहिते, कारण सगळ्यांना वाटतं की रजा मिळाली की कला फुलते.

प्रसूतीची रजा मिळाली. नोकरदार बायकांसाठी १९६१ साली कायदा आला, त्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांचे २६ झाले. त्याच दुरुस्तीत पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय द्यावी असंही आलं. शिवाय आम्हा राज्याच्या कर्मचारी बायकांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं घेता येते. मी भाग्यवान, हे कबूल. नाटकवाल्या, चित्रकार, गायिका यांना कुठली रजा देणार कोण? त्यांना मालकच नाही.

पण गंमत पुढं आहे. बालसंगोपन रजेतला एक महिना मी मनात धरून घेतला होता की यात संग्रहाचं हस्तलिखित पुरं करायचं. एक ओळ झाली नाही. घरी आहे म्हटल्यावर पाहुणे आले, वाळवणं झाली, धाकट्याचे दात आले. "तू घरीच आहेस ना" हे वाक्य त्या महिन्यात मी किती जणांकडून ऐकलं याची मोजदाद नाही. कविता झाल्या त्या नंतर, एसटीत. घर ते शाळा पन्नास मिनिटं. खिडकीकडची जागा, मांडीवर वह्यांची पिशवी, आणि आजूबाजूला कुणीही मला आई म्हणून ओळखत नाही. कंडक्टर फक्त "मास्तरीणबाई, पास" म्हणतो.

तर वेळ किती मिळतो यापेक्षा त्या वेळेत तुम्हाला कुणी हाक मारू शकतं का, ते बघा. लिहिणारीनं घरात लिहू नये, असं माझं ठाम मत झालंय. पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून लिहा, पण घरात नको.

भडंगप्रेमी | २० सप्टेंबर, सकाळी ९.०२

स्कूटरवर बसून कविता म्हणजे खरा चालता-बोलता साहित्यप्रकार. :)

अवांतर: बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी लिहून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. आई जात्यावर गातेय आणि मुलगा लिहून घेतोय. लेकरू आणि कला यांचं इतकं सरळ जमलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. ताई, लेकीला लवकर लिहायला शिकवा.

कृष्णाकाठची | २० सप्टेंबर, सकाळी ९.४०

हसले खूप. सध्या ती फक्त "घ" काढते आणि त्याला शेपूट जोडून मांजर करते.

पण तुमच्यामुळं एक आठवलं. दुसऱ्या अंकातले निम्मे संवाद मी तिला थोपटताना फोनवर पुटपुटून ध्वनिमुद्रित केलेत. नंतर ऐकले तर सगळी पात्रं अंगाई म्हटल्यासारखी भांडतात. वाचनाच्या वेळी सगळ्यांनी तेच सांगितलं, "हे भांडण इतकं हळू आवाजात का आहे?" मग लक्षात आलं की लहान मूल असलेल्या घरात नवरा-बायको असेच भांडतात. ठेवलं तसंच.

तंबोरा_मिरज | २० सप्टेंबर, रात्री १०.५०

मी वाद्य बनवणाऱ्यांच्या घरातला. मिरजेत सतार आणि तंबोऱ्याचं आमचं काम किती पिढ्यांचं ते सांगत बसत नाही. २०२४ला दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात सगळं छापून आलंय.

खाली दुकान, वर घर. बायको परिचारिका आहे, तिची ड्युटी दिवसाची. त्यामुळं साडेचार वर्षांचा मुलगा दिवसभर माझ्याकडं. गल्लीतली म्हातारी माणसं अजून विचारतात, "काय रे, पोरगं तूच सांभाळतोस?" चांगल्या मनानं विचारतात, पण "बिचारा" हा शब्द डोळ्यांत दिसतो.

आमच्या कामाचे भाग पडतात, हे मला मूल झाल्यावर कळलं. पंढरपूरकडचे भोपळे येतात, ते निवडणं, कापणं, भिजवणं, लाकूड तासणं, हे मूल शेजारी असताना होतं. त्यालाही एक फुटका भोपळा दिलाय, तो त्यात बसतो. पॉलिशचं काम तो जागा असताना नाही, स्पिरिटचा वास आणि बाटली दोन्ही नको. ते रात्री. आणि जवारी काढणं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसनं इतका बारीक घासायचा की तार टेकली की आवाज गुंजत राहिला पाहिजे, ते काम कुणीही आसपास असताना होत नाही. हात नाही, कान लागतो. मूल झोपलेलं असलं तरी अर्धा कान त्याच्याकडं असतो, आणि अर्ध्या कानानं जवारी निघत नाही. म्हणून पहाटे चारला उठतो. तेव्हा बायको घरात असते, पोरगं उठलं तर ती बघते, हे मला माहीत असतं. दीड तास मिळतो. त्या दीड तासात जे होतं ते दिवसभरात होत नाही.

ताई, तुमच्या कामाचे असे भाग करून बघा. कुठला भाग लेक शेजारी असताना होईल, कुठला अर्ध्या कानानं होईल आणि कुठल्याला पूर्ण कान पाहिजे. पूर्ण कानाचं काम थोडंच असतं, पण तेवढ्यापुरतं दुसरं माणूस पक्कं पाहिजे. "बघू, असेल कुणीतरी" असं नको.

आणखी एक, मिरजेची म्हणून सांगतो. उरसाला लोक येतात, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण काढतात, रात्ररात्र गाणं होतं. खाँसाहेबांबद्दल आदर आहेच. पण हिराबाई बडोदेकर १९०५ला मिरजेत जन्मल्या, त्यांच्यासकट पाच मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झालेल्या त्यांच्या पत्नी ताराबाई मान्यांची आठवण त्या रात्री कुणी काढत नाही. मुलांची नावं बदलली त्या बाईंनी. चंपाकलीची हिराबाई झाली, अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. या पोरांचं गाणं महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं. ती वाढवली कुणी?

अस्सल_कवलापूर | २० सप्टेंबर, रात्री ११.३०

वाचून गप बसलो.

अनामिक_५८ | २१ सप्टेंबर, पहाटे ५.४०

मी शास्त्रीय गायचे. सातारला सासर. थोरला झाल्यावर रियाज सुटला, कुणी सोडायला लावला नाही. घरचे चांगले होते. तंबोरा माळ्यावर गेला, मग त्याला भेग गेली, मग कुणाला तरी देऊन टाकला. मुलं छान निघाली. सुखी आहे. फक्त रेडिओवर भैरव लागला की स्वयंपाकघरातून बाहेर जाते.

एवढंच सांगायचं होतं. वर कुणीतरी दहावी झाल्यावर करा म्हणाले म्हणून.

सरळ_बोलतो | २१ सप्टेंबर, सकाळी १०.०५

ताई, मी शब्द मागे घेतो.

कृष्णाकाठची | २१ सप्टेंबर, रात्री ११.५०

आज ग्रुपशी बोलले. हो म्हटलं, पण माझ्या अटींवर. पडद्यामागचा यांचं अख्खं वेळापत्रकच (त्यांची परवानगी गृहीत धरून) कागदावर मांडून नेलं. सविस्तर नंतर लिहिते, लेक उठली.

पडद्यामागचा | २२ सप्टेंबर, सकाळी ८.००

परवानगी आहे. प्रकाशयोजना कोण करतंय?

भडंगप्रेमी | ९ डिसेंबर, रात्री ९.१५

धागा वर काढतोय. ताई, काय झालं पुढं? प्रयोग झाला का?

कृष्णाकाठची | ११ डिसेंबर, रात्री १०.३०

झाला. भावे नाट्यमंदिरात, गेल्या आठवड्यात. आता सवडीनं सांगते.

त्या रविवारच्या मीटिंगमध्ये मी कागद काढला आणि दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. मग आमचा एक नट, ज्याला मी दहा वर्षं ओळखते, हळूच म्हणाला, "असं असेल तर मीपण काम करतो." गेली दोन वर्षं तो ऑफिसचं कारण सांगून नाटकाला नाही म्हणत होता. खरं कारण वेगळंच निघालं. बायको कुपवाडच्या कंपनीत सेकंड शिफ्टला, घरी पाच वर्षांचा मुलगा. ऑफिसचं काम म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही, पोराला झोपवायचंय म्हटलं की हसतात, म्हणून बोलला नव्हता. दहा वर्षांत मीही त्याला कधी विचारलं नव्हतं की तुझ्या मुलाला रात्री कोण बघतं. बाईनं बाईलाच विचारायचं, ही सवय मलाही होतीच.

सगळं गोड झालं असं समजू नका. एक सीनियर नट "तालमीला शाळेसारखं टाइमटेबल नसतं, नाटक अंगात भिनावं लागतं" असं म्हणून बाहेर पडले. चांगले नट आहेत, वाईट वाटलं. शाळेचा हॉल साडेसातपर्यंत क्लासला दिलेला, म्हणून पावणेआठ ते दहा ही वेळ ठरली. आमच्या ग्रुपमधल्या दुकानदार दादांचे प्रवेश नऊनंतर लावले. बी.एड. करणारी एक मुलगी वर्गखोलीत दोन पोरं सांभाळायची, चित्रं काढत, गोष्टी सांगत, आणि तिचं मानधन नाटकाच्या खर्चात धरलं. पहिल्या आठवड्यात खजिनदारांनी हिशोबाच्या वहीत ते "किरकोळ" खाली लिहिलं होतं. मी खोडून स्वतंत्र ओळ करायला लावली. दहाच्या ठोक्याला तालीम बंद. डॉक्टर, लेक साडेदहाला झोपायची, तुमच्या हिशोबात बसतं का माहीत नाही, पण दुपारी दोन तास काढायची. आठवड्यातले तीन दिवस ती बाबाकडंच असायची. चौथ्या दिवशी तो तिला झोपवायला शिकला. म्हणजे तीच त्याच्याकडं झोपायला शिकली. मला जरा लागलंच ते, खोटं कशाला बोलू.

आता सासूबाई. मी त्यांना विचारायला गेले ते मनात गृहीत धरूनच, की आजी आहेत, बघतील. त्या म्हणाल्या, "मंगळवारी, शुक्रवारी बघीन. गुरुवारी नाही. गुरुवारी आमचं भजन असतं." मी म्हटलं, आई, दीड महिन्याचाच प्रश्न आहे, एवढे गुरुवार सोडा ना. तर म्हणाल्या, "मी पेटी वाजवते तिथं. मी नाही गेले तर सगळ्या बेसूर म्हणतात."

लग्नाला आठ वर्षं झाली. दर गुरुवारी त्या रिक्षा करून जातात हे बघत होते. "भजनाला जातात" एवढंच माझ्या डोक्यात. त्या पेटी वाजवतात, हे ऐकलं असेल, पण मनात कधी नोंदलंच गेलं नव्हतं. गुडघे दुखत असताना, दोन तास मांडी घालून. इथं मी ग्रुपला तावातावानं सांगत होते की माझ्या वेळेची किंमत करा.

गुरुवारी तालीम ठेवली नाही.

नाटकाचं म्हणाल तर प्रयोग पहिल्या अंकात जरा सैल झाला, दुसऱ्यात धरला. ते हळू आवाजातलं भांडण चालू असताना प्रेक्षागृह इतकं गप्प झालं की मी विंगेत श्वास धरून उभी होते. पडद्यामागचा यांनी तिथं फक्त स्वयंपाकघरातल्या एका बल्बचा उजेड ठेवला होता. निकालात नाटकाला काही नाही. प्रकाशयोजनेला दुसरं. :) तंबोरावाले दादा, पूर्ण कानाचं काम पहाटे करायचं ठरवलं होतं, ते मात्र एकदाही जमलं नाही. मी पहाटे चारला उठणारी बाई नाही, हे आता मान्य केलंय.

तंबोरा_मिरज | ११ डिसेंबर, रात्री ११.०५

चालतंय की. तुमचा पूर्ण कान रात्रीचा असेल. आईंची पेटी कधी बेसूर वाटली तर मिरजेला पाठवा, ओळखीचा माणूस आहे सूर लावणारा.

मीनल_व | १२ डिसेंबर, सकाळी ९.४०

"किरकोळ" खोडलंत यासाठी शंभर टाळ्या.

अस्सल_कवलापूर | १२ डिसेंबर, दुपारी १२.२०

बहीण लावतीय नाटकाचा ग्रुप, तिला हा धागा पाठवला. ती बी.एड.वाली मुलगी अजून मोकळी असते का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ताई.

पडद्यामागचा | १२ डिसेंबर, रात्री ९.३०

बक्षिसात अर्धा वाटा त्या बल्बचा. ताई, मार्चमध्ये एक एकांकिका करू या म्हणतोय. दोनच पात्रं, तालमी दहा-बारा. गुरुवार सोडून सांगा कधी जमेल.

कृष्णाकाठची | १३ डिसेंबर, सकाळी ७.२५

सासूबाईंना विचारून सांगते. त्यांचं मंडळ मार्चमध्ये औदुंबरला जाणार आहे, तारखा अजून ठरायच्यात.